बोडीतलं हिरवं पाणी आणि पाच मिलिची सिरिंज: जीवाणूतल्या वायुपुटिका कशा दाखवाव्यात

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात गावोगावी माजी मालगुजारी तलाव आहेत आणि शेताशेतात बोड्या, म्हणजे छोटी तळी. पाणी खाली जाऊ लागलं, ऊन तापलं आणि वारा पडला की त्यातल्या काहींवर सकाळी हिरवा तवंग धरतो. लोक त्याला शेवाळ म्हणतात, काही गावांत काई म्हणतात. बऱ्याचदा ते सायनोबॅक्टेरिया असतात, म्हणजे नीलहरित जीवाणू, आणि त्यातही मायक्रोसिस्टिस सगळ्यात जास्त आढळतो. शाळा-कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांसाठी हा तवंग म्हणजे आयती प्रयोगशाळा आहे. सुटे रेणू एकत्र येऊन पेशीच्या आत काम करणारी मोठी रचना कशी उभी करतात, हे पुस्तकात वाचून पटत नाही. इथे ते साध्या डोळ्यांनी दिसतं.

त्या तवंगातल्या पेशीतला जिवंत माल पाण्यापेक्षा किंचित जड असतो. तरीही पेशी तरंगते, कारण तिच्या आत प्रथिनांच्या पोकळ नळ्या असतात. त्यांना वायुपुटिका म्हणतात, इंग्रजी पुस्तकांत गॅस व्हेसिकल. क्षणभर जोरात दाब दिला की या नळ्या चपट्या होतात आणि पेशी तळाला जाते. दाबण्याआधी जेवढी प्रथिनं होती तेवढीच दाबल्यानंतरही असतात, त्यांचं वजनही बदलत नाही. मोडते ती फक्त मांडणी, आणि मांडणीबरोबर काम जातं. विद्यार्थ्याच्या मनावर ठसायला हवी ती हीच गोष्ट. खालचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे.

नळी बांधली कशी जाते

भिंत मुख्यतः एकाच छोट्या प्रथिनाची असते, त्याचं नाव जीव्हीपी-ए. जेमतेम सत्तर-ऐंशी अमिनो आम्लांची ही साखळी. हे रेणू एकमेकांना कडेने चिकटत जातात आणि त्यांची पट्टी गोल फिरत वर चढते. कणगी विणताना कामट्यांचा एकेक वेढा जसा आधीच्या वेढ्यावर बसतो, तसाच हा प्रकार. एका वेढ्याची उंची सुमारे ४.६ नॅनोमीटर. २०२३ साली अतिथंड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या भिंतीची रेणूपातळीवरची रचना उलगडली, तेव्हा एका वेढ्यात सुमारे ९३ रेणू बसतात असं दिसलं. सुरुवात होते ती बुडाला बूड लावलेल्या दोन छोट्या शंकूंपासून. शंकू ठरावीक रुंदीचे झाले की मधला भाग दंडगोलासारखा लांबत जातो. बाहेरून जीव्हीपी-सी नावाचं दुसरं प्रथिन या भिंतीला आवळून धरतं, त्यामुळे ती जास्त दाब सोसते. ही दोनच प्रथिनं पुरत नाहीत. बांधकामाला हातभार लावणारी आणखी काही प्रथिनं लागतात, आणि त्या सगळ्यांची जनुकं बहुधा शेजारीशेजारी असतात.

विद्यार्थी हमखास विचारतात, यात हवा भरतं कोण? कोणीच नाही. भिंतीची आतली बाजू पाण्याला थारा देत नाही, म्हणून नळी वाढताना आत पाणी शिरू शकत नाही. ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड मात्र भिंतीतून सहज आरपार जातात. पाण्यात विरघळलेले हेच वायू आपोआप आत येतात. फुगा आतल्या दाबावर फुगलेला असतो, वायुपुटिका भिंतीच्या ताठपणावर उभी असते. हा फरक वर्गात वेळ घेऊन समजवा, कारण पुढचे सगळे निष्कर्ष त्यावरच टेकलेले आहेत. भिंत चपटी झाली की ती पुन्हा फुगत नाही, कारण फुगवणारं आत काही नव्हतंच.

भिंतीची जाडी दोनेक नॅनोमीटर आणि मायक्रोसिस्टिसमधल्या नळीची रुंदी साठ-सत्तर नॅनोमीटरच्या आसपास. एवढी बारीक वस्तू शाळेच्या सूक्ष्मदर्शकाला सुटी दिसणं शक्य नाही. पण पेशीत त्या शेकडोंनी, मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरांप्रमाणे षट्कोनी मांडणीत दाटीने बसतात. तो गठ्ठा मात्र दिसतो.

आधी तवंग कशाचा आहे ते ओळखा

अर्धे प्रयोग इथेच फसतात. तवंगात वाळकी काडी बुडवून वर काढा. केसांसारखे लांब हिरवे धागे लोंबत आले तर ते तंतुशेवाळ आहे. ते धाग्यांत अडकलेल्या ऑक्सिजनच्या बुडबुड्यांवर तरंगतं, त्यात वायुपुटिका नसतात. काडीला फक्त हिरवा रंग लागला आणि जवळून पाहिल्यावर त्यात रव्याहून बारीक कण दिसले, तर काम होण्यासारखं आहे. छोटी गोल पानं आणि खाली लोंबणारं मूळ दिसलं तर ती पाण्यावरची वनस्पती आहे, ती सोडून द्या.

खात्रीसाठी काचेची बरणी तीन चतुर्थांश भरा आणि न हलवता रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी हिरवा थर वर आणि खालचं पाणी बरंचसं निवळ, म्हणजे नीलहरित जीवाणू. सगळं तळाला बसलं तर साधं हिरवं शेवाळ. उजेडाच्या बाजूला काचेलगत हिरवा पट्टा गोळा झाला तर ते युग्लीनासारखे पोहणारे जीव आहेत. युग्लीना गावच्या सांडपाण्याच्या डबक्यांत फार असतो आणि सुरुवातीला सगळ्यांना फसवतो.

नमुना सकाळी, ऊन चढायच्या आत घ्या. रात्रभरात पेशी साठवलेली साखर वापरून हलक्या होतात आणि वर येतात. दिवसा उजेडात त्या पुन्हा साखर साठवतात आणि त्या वजनाने काही खाली जातात. वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाला, बहुतेक वेळा बेशरमच्या झुडपांच्या बुडाशी, तवंग दाट साचलेला असतो. रबरी हातमोजे घाला, रुंद तोंडाची बाटली आडवी धरून वरचा थर अलगद आत घ्या. बाटली अर्धीच भरा, झाकण सैल ठेवा, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीतून न्या. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेला नमुना दुपारपर्यंत सडून निळसर पाणी सोडतो. तो निळा रंग म्हणजे पेशी फुटल्या, नमुना गेला. फ्रीजरमध्ये ठेवू नका. चोवीस तासांच्या आत प्रयोग उरका.

हातमोज्यांचा आग्रह उगाच नाही. मायक्रोसिस्टिसच्या बऱ्याच जाती मायक्रोसिस्टिन नावाचं यकृताला मारक विष तयार करतात. पाणी उकळून हे विष जात नाही, उलट पेशी फुटून ते पाण्यात मोकळं होतं. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर लिटरला एक मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. पिपेट तोंडाने ओढायची नाही. पाण्यात विष आहे की नाही ते हा प्रयोग सांगत नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगा.

लोणारच्या सरोवरातून नमुना आणावासा वाटेल. आणू नका, तो परिसर वन्यजीव अभयारण्य आहे.

मुख्य प्रयोग

१८९५ साली जर्मनीत क्लेबान यांनी तवंगाचं पाणी बाटलीत काठोकाठ भरलं, बूच बसवलं आणि बुचावर हातोडा मारला. एका ठोक्यात पेशी बुडाल्या. वायुपुटिका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसल्या त्या १९६५ साली, म्हणजे सत्तर वर्षांनी. हातोड्याचा प्रयोग आजही चालतो, पण काच फुटून हाताला लागते, म्हणून वर्गात तो करू नका. सिरिंज बरी.

लागतं ते एवढंच: ५ मिलिच्या दोन प्लास्टिक सिरिंज, सुई न लावता, कडक खोडरबर, सारख्या आकाराच्या दोन परीक्षानळ्या किंवा स्वच्छ धुतलेल्या इंजेक्शनच्या बाटल्या, आणि किराणा दुकानात असतो तसा पंधरा-वीस किलोपर्यंतचा सपाट ताटाचा वजनकाटा. २० मिलिची सिरिंज नको. दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या सुमारे तीन चौरस सेंटीमीटरचा असतो, त्यावर पंधरा किलोचा जोर दिला तरी दाब पाचच किलो प्रति चौ. सेमी. ५ मिलिच्या सिरिंजचा आतला व्यास १२ मिमी धरला तर क्षेत्रफळ १.१३ चौ. सेमी, आणि तोच पंधरा किलोचा जोर तेरा किलो प्रति चौ. सेमीच्या वर जातो. म्हणजे साधारण तेवढेच वातावरण (हवेच्या नेहमीच्या दाबाला एक वातावरण म्हणतात). आपल्या सिरिंजचा व्यास स्वतः मोजा, कंपनीगणिक तो थोडा बदलतो.

नमुना तलावाच्याच गाळलेल्या पाण्यात मिसळून पातळ करा. परीक्षानळीमागे धरलेली छापील अक्षरं जेमतेम वाचता येतील इतकाच गढूळ ठेवा. दाट ठेवलात तर फरक दिसायला उशीर लागतो. दोन्ही सिरिंजमध्ये ४-४ मिलि ओढा. टोक वर करून टिचकी मारा आणि हवेचा शेवटचा बुडबुडासुद्धा बाहेर काढा. बुडबुडा राहिला तर दाब चढायच्या आधी दट्ट्याला बरंच अंतर जावं लागतं, तो तिरका होतो आणि रबराच्या कडेने पाणी गळतं.

पहिली सिरिंज तशीच बाजूला ठेवा. दुसरीचं टोक काट्यावर ठेवलेल्या खोडरबरावर उभं टेकवा, एका हाताने नळी सरळ धरा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने दट्ट्या दाबा. काटा पंधरा किलोवर गेला की पाच सेकंद धरून सोडा. मग दोन्ही सिरिंजमधलं पाणी आपापल्या परीक्षानळीत कडेने हळू सोडा.

पहिला फरक लगेच दिसतो आणि तो सुटू नये म्हणून आधीच सांगून ठेवा. न दाबलेलं पाणी दुधाळ, फिकट हिरवं. दाबलेलं पाणी गडद आणि जास्त पारदर्शक, मागची अक्षरं आता ठळक वाचता येतात. वायू भरलेल्या नळ्या प्रकाश जोरात विखुरतात, त्या मोडल्या की विखुरणं कमी होतं. रंगद्रव्य तेवढंच आहे. मुलं "पाणी पातळ झालं का?" असं विचारतात. त्यांना दोन्ही परीक्षानळ्यांतलं पाणी मोजायला लावा.

परीक्षानळ्या सावलीत, पंख्यापासून दूर उभ्या ठेवा. मोठ्या वसाहतींचा, म्हणजे चिकट आवरणात एकत्र राहणाऱ्या पेशींच्या मोठ्या पुंजक्यांचा, नमुना असेल तर अर्ध्या तासात वेगळेपण दिसू लागतं, बारीक असेल तर तीन-चार तास थांबा. एका नळीत हिरवा थर वर, दुसरीत तळाला.

फरक दिसला नाही तर पुढच्या गोष्टी तपासा. दोन्ही नळ्यांतल्या पेशी बुडाल्या असतील तर नमुना शिळा आहे किंवा पेशी उन्हाने मेल्या आहेत. दोन्हींतल्या तरंगत असतील तर दाब पुरेसा चढला नाही. सिरिंज मोठी होती, टोकाशी गळती होती किंवा खोडरबर मऊ होतं. दाबलेल्या नळीत थोडा थर तरीही वर राहिला, तर भिंग घेऊन पाहा. वसाहतीच्या चिकट आवरणात हवेचे बुडबुडे अडकलेले असू शकतात. नळी अलगद उलटसुलट करून पुन्हा ठेवा.

सूक्ष्मदर्शकाखाली

दोन्ही नळ्यांतला एकेक थेंब काचपट्टीवर घ्या, वर झाकणकाच ठेवा, बोटाने दाबू नका. चाळीसच्या भिंगाने पाहा. न दाबलेल्या नमुन्यातल्या तीन ते सहा मायक्रोमीटरच्या गोल पेशी काळपट ठिपक्यांनी भरलेल्या दिसतात. फोकस किंचित वर-खाली केला की ठिपक्यांची कड लालसर चमकते. ते वायुपुटिकांचे गठ्ठे. दाबलेल्या नमुन्यातल्या पेशी फिकट निळसर-हिरव्या आणि आतून एकसारख्या, आकार मात्र तोच. पेशी फुटलेली नाही, आवरण शाबूत आहे, हे इथे दाखवून द्या. नाहीतर विद्यार्थी दाबाने पेशीच चिरडली असं धरून चालतो.

आलेख काढायचा असेल तर

नववी-दहावीपर्यंत वरचं पुरे. कॉलेजात मात्र दाब पायरीपायरीने वाढवून पाहावा, कारण मांडणी किती भक्कम आहे याचा आकडा त्यातून मिळतो.

आधी दट्ट्याचं घर्षण मोजा. रिकाम्या सिरिंजचं टोक काट्यावर ठेवलेल्या नटाच्या भोकावर टेकवा, म्हणजे हवा कडेने निघून जाईल, आणि दट्ट्या हळू सरकवत काट्यावरचा आकडा वाचा. तो आकडा पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा करायचा. मग दरवेळी नवा नमुना घेऊन ०, २, ४, ६, ८, १०, १२ आणि १४ किलोचा जोर द्या, प्रत्येक वेळी पाच सेकंद. एकदा दाबलेला नमुना पुढच्या पायरीला वापरू नका. आठ नळ्या एकाच वेळी ठेवून चार तासांनी वरच्या थराची जाडी पट्टीने मोजा. कलरीमीटर असेल तर दाबल्याबरोबर गढूळपणा वाचा, त्यात थांबावं लागत नाही आणि आकडाही जास्त भरवशाचा.

आलेख सरळ रेषेत उतरत नाही. सुरुवातीला काहीच होत नाही, मग ठरावीक पट्ट्यात झपाट्याने उतार लागतो आणि पुढे सपाट होतो. भिंत थोडी थोडी दबत नाही. आपल्या मर्यादेपर्यंत ताठ उभी राहते आणि मर्यादा ओलांडली की एकदम मोडते. पेशीतल्या सगळ्या नळ्या तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून उतार उभा न होता तिरका येतो. नळी जितकी अरुंद तितका ती जास्त दाब सोसते. समुद्रातला ट्रायकोडेस्मियम हा नीलहरित जीवाणू खोल पाण्यात ढवळला जातो, त्याच्या नळ्या अरुंद आणि फार मजबूत असतात. आपल्या बोडीत तीन मीटर पाणी असलं तरी त्याचा दाब वातावरणाच्या एक तृतीयांशाहून कमीच, म्हणजे इथल्या पेशीला पाण्याच्या खोलीची धास्ती नाही.

मग एवढी मजबुती कशाला? पेशीचा स्वतःचा फुगीरदाब, म्हणजे पेशीत शिरलेल्या पाण्याचा दाब, नळीच्या भिंतीवर कायम असतो, काही वातावरणांइतका. आपण बाहेरून देतो तो दाब त्याच्यावर चढतो. हे तपासायला घरातली साखर पुरते. ३४ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलि करा आणि नमुन्यात समान मापाने मिसळा. पाच मिनिटं थांबा. साखरेचं पाणी पेशीतून पाणी ओढून घेतं, फुगीरदाब उतरतो, आणि तोच परिणाम साधायला बाहेरून जास्त किलो लागतात. दोन आलेखांमधलं अंतर म्हणजे ढोबळमानाने पेशीचा फुगीरदाब.

साखरेचा नमुना तसाच नळीत ठेवून तरंगतो का ते पाहू नका. साखरेचं पाणी इतकं जड असतं की दाबलेल्या पेशीही वर येतात आणि प्रयोग उलटा दिसतो. एक तर गढूळपणा मोजा, किंवा दाबून झाल्यावर एक मिलि नमुना दहा मिलि साध्या पाण्यात सोडून मगच उभा ठेवा.

प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज असेल तर तोही जपून वापरा. दहा सेंटीमीटरचा पाण्याचा स्तंभ गुरुत्वाच्या हजारपट जोराने फिरवला तर तळाशी सुमारे दहा वातावरणांचा दाब तयार होतो. पेशी गोळा करायला म्हणून फिरवलं आणि वायुपुटिकाच मोडून बसल्या, असं सर्रास होतं. कमी वेग, छोटी नळी.

मोडलेलं पुन्हा उभं राहतं का

दाबलेला नमुना दोन भागांत करा. दोन्ही स्वच्छ बाटल्यांत, तलावाच्या गाळलेल्या पाण्यात, तोंडाला कापूस लावून ठेवा. एक उत्तरेच्या खिडकीत, दुसरी त्याच खिडकीत पण काळ्या कागदात गुंडाळून. थेट ऊन नको. रोज सकाळी हलवण्याआधी पाहा. उजेडातल्या बाटलीत पेशी तरतरीत असतील तर काही दिवसांत पृष्ठभागावर पुन्हा हिरवी कड धरू लागते, अंधारातल्या बाटलीत नाही. चपट्या झालेल्या जुन्या नळ्या सरळ झाल्या असा याचा अर्थ नाही. पेशीने नवं जीव्हीपी-ए तयार केलं आणि नव्या नळ्या बांधल्या. रेणू एकमेकांना जुळतात ते त्यांच्या आकाराच्या गुणाने, पण ते रेणू बनवायला ऊर्जा लागते आणि इथे ती उजेडातून येते. उजेडातली बाटलीही बुडालेलीच राहिली तर बहुधा पाणी सडलं आहे. नमुना आणखी पातळ करून नव्याने सुरू करा.

भिंतीच्या या ताठपणाचा उपयोग वैद्यकातही शोधला जातोय. जीवाणूंपासून काढलेल्या वायुपुटिका अल्ट्रासाउंडमध्ये चमकतात हे २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, आणि ठरावीक दाबाला त्या मोडतात हाच गुण तिथे खुणेसारखा वापरता येतो.

तलावाचं काय करायचं

तवंग नीलहरित जीवाणूंचा निघाला तर निस्ताराच्या, म्हणजे गावाच्या सामायिक वापराच्या, तलावावर गुरं कुठल्या काठाने पाजायची हे लगेच ठरवा. वारा ज्या काठावरून येतो तिथलं पाणी त्यातल्या त्यात मोकळं असतं. तवंग साचलेल्या काठाला काटेरी फांद्या टाकून वाट बंद करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मोरचूद टाकायची घाई करू नका. पेशी एकदम फुटून विष पाण्यात मिसळतं, सडताना ऑक्सिजन संपतो आणि मासळी मरते, ढिवर बांधवांचं वर्षाचं उत्पन्न जातं.

उरलेला नमुना विहिरीपासून दूर, कोरड्या मातीत खड्डा करून ओता आणि बुजवा. नळ्या ब्लीचिंगच्या पाण्यात अर्धा तास बुडवून धुवा, हात साबणाने. वापरलेल्या सिरिंजचं टोक कापून टाका, म्हणजे ती कोणी चुकूनही गुरांच्या इंजेक्शनला वापरणार नाही.